पाहायचं पोटभर, हात मात्र लावायचा नाही

वाचकाचं पत्र

"आम्ही सांगलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीत एसीचं बाहेरचं युनिट आहे. त्याच्या मागच्या फटीत गेले काही महिने छोट्या पाकोळ्या, म्हणजे लहान वटवाघळं, राहतात. संध्याकाळी एकेक करून बाहेर पडतात, सकाळी खाली बारीक काळ्या लेंड्या दिसतात. मुलगी दहा वर्षांची आहे, तिला त्यांचं वेडच लागलंय. एक धरून बरणीत घालून शाळेत न्यायची म्हणते. मुलगा सहाचा. मागच्या आठवड्यात एक पाकोळी हॉलमध्ये शिरली, आम्ही सगळे किंचाळलो, ह्यांनी झाडू उचलला. तेव्हापासून तो दिवेलागणीनंतर गॅलरीत पाऊल टाकत नाही. सासूबाई म्हणतात, घरात वाघूळ शिरणं चांगलं नाही. ह्यांचं म्हणणं, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून फट बुजवून टाकू. मुलांना या प्राण्याची नीट ओळख करून द्यावी असं मला फार वाटतं, पण मलाच काही धड माहीत नाही, आणि करोनापासून मनात धाकधूकही आहे. सुरुवात कुठून करू?"

— एक आई, सांगली

उत्तर

ताई,

झाडूपासूनच सुरुवात करू. पाकोळी पुन्हा घरात येऊ शकते आणि तेव्हा हे सदर शोधत बसायला वेळ नसेल.

पाकोळी आत आली की सगळ्यात आधी पंखा बंद करा. दिवा, दार, खिडकी सगळं नंतर. ती छताजवळ गोल गोल फिरते, आणि पंख्याचं पातं लागून खाली पडलेली जखमी पाकोळी हाच मुलांच्या दृष्टीनं खरा धोका, कारण दया येऊन तिला उचलायला पहिला हात मुलांचाच पुढे होतो. पंखा थांबला की घरातल्या इतर खोल्यांची दारं लावा, हॉलच्या खिडक्या आणि गॅलरीचं दार सताड उघडा, हॉलमधला दिवा मालवा, आणि सगळे बाहेर व्हा. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत ती आपली आपण निघून जाते. झाडू, टॉवेल, उशी असलं काही फिरवलं तर ती दमते आणि पडद्यामागे जाऊन बसते, मग तुमची रात्र गेली. तशी बसलीच तर मोठ्या माणसानं जाड हातमोजे घालून तिच्यावर एखादा डबा अलगद पालथा धरावा, खालून पुठ्ठा सरकवावा आणि संध्याकाळी गॅलरीत उंच जागी ठेवून झाकण काढावं. जमिनीवर ठेवू नका. तिथून झेप घेणं त्यांच्यापैकी अनेकींना जड जातं.

हे सगळं मुलांना आधी सांगून ठेवा, आणि प्रत्येकाला एकेक काम वाटून द्या. धाकट्याकडे पंख्याचं बटण.

आता तुमच्या धाकधुकीबद्दल. ती अगदीच बिनबुडाची आहे असं मी म्हणणार नाही. प्राणिप्रेमी मंडळी उत्साहाच्या भरात "काही होत नाही हो" म्हणून मोकळी होतात, ते मला पटत नाही. वटवाघळांच्या अंगात काही विषाणू असतात. 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून घेतलेल्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांना निपा या जीवघेण्या विषाणूच्या संसर्गाच्या खुणा मिळाल्या होत्या, फळं खाणाऱ्या वटवाघळांत आणि छोट्या पाकोळीतही. रेबीजचं म्हणाल, तर भारतात पाकोळीमुळे माणसाला रेबीज झाल्याचं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पण जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाशी झालेला थेट संपर्क गंभीर प्रकारात धरते, आणि या छोट्या जातींचे दात इतके बारीक असतात की चावल्याची खूण डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून चावा किंवा ओरखडा, किंवा नुसती शंका आली तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं ती जागा पंधरा मिनिटं धुवायची, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं आणि "वटवाघूळ होतं" हे शब्द स्पष्ट उच्चारायचे. मूल झोपलेल्या खोलीत सकाळी पाकोळी सापडली तरी डॉक्टरांना विचारून घ्या.

एवढं सांगून झाल्यावर हेही सांगते की पाकोळी वीस फुटांवरून उडत गेल्यानं कुणाला काही होत नाही. करोनाच्या वेळी लोकांनी जागोजाग वटवाघळांवर राग काढला, पण तो रोग आपल्याकडे एका माणसाकडून दुसऱ्याकडे पसरला. तुमच्या एसीमागची पाकोळी त्यात कुठेच नव्हती. म्हणून तुमच्या घरासाठी नियम एकच ठेवा: पाहायचं पोटभर, हात लावायचा नाही. जिवंत असो, जखमी असो, मेलेली असो. दहा वर्षांच्या मुलीला हा नियम कारणासकट कळतो. तिला भीती घालू नका. आजार आपल्याकडून त्यांच्याकडेही जाऊ शकतात आणि माणसाच्या मुठीत तो इवला जीव गुदमरतो, हेही तिला सांगा. बरणीचा बेत मात्र कायमचा रद्द.

लेंड्यांचं काय करायचं तेही बघू. आधी त्या पाकोळीच्याच आहेत ना, याची खात्री करा. पालीच्या लेंडीला एका टोकाला पांढरा ठिपका असतो, पाकोळीच्या लेंडीला नसतो. उंदराची लेंडी वाळली की टणक होते. पाकोळीची चिमट्यानं दाबली की लगेच भुगा होतो, आणि त्या भुग्यात किड्यांच्या पंखांचे, कवचांचे चमकणारे तुकडे दिसतात. हा तपास तुम्ही हातमोजे आणि मास्क लावून, उघड्या गॅलरीत करा आणि मुलीला शेजारी उभं राहून भिंगातून बघू द्या. रात्री काय जेवण झालं त्याचा तो पुरावा असतो, मुलांना तो भलताच आवडतो. रोजची सफाई करताना कोरडा झाडू मारू नका. पाणी शिंपडून ओल्या फडक्यानं पुसा, म्हणजे धूळ नाकात जात नाही. खाली जुना पेपर पसरला तर काम आणखी सोपं.

तुमच्याकडे नेमकी कुठली जात आहे हे पत्रावरून सांगता येणार नाही. शहरातल्या फटींत, दुकानांच्या शटरवर, पाट्यांच्या मागे राहणाऱ्या सगळ्यात लहान पाकोळ्या बहुधा पिपिस्ट्रेल गटातल्या असतात. त्यातल्या अगदी छोट्या जातीचं वजन दोन ते चार ग्रॅम, म्हणजे एक रुपयाचं नाणं तळहातावर घेतलंत तर साधारण तेवढंच. हे नाणं धाकट्याच्या हातावर ठेवा. हॉलमध्ये जे काही घोंघावत होतं आणि ज्याला बघून मोठी माणसंही किंचाळली, ते एवढंसंच होतं.

धाकट्याची भीती ही खरं तर तुमच्याकडूनच त्याला मिळाली आहे, ताई. रागावू नका, आपल्या सगळ्यांच्या घरी असंच होतं. पाकोळी आली म्हणून तो घाबरला नसेल, बाबांनी झाडू उचलला म्हणून घाबरला असेल. त्याला "घाबरतोस काय, मोठा झालास ना" असं कुणी म्हणू नये, आणि हाताला धरून गॅलरीत तर मुळीच नेऊ नये. खिडकी बंद ठेवून आतूनच सुरुवात करा. सूर्य मावळला की हॉलमधला दिवा मालवून दोन्ही मुलांना काचेशी बसवा. धाकट्याचं काम, पहिली पाकोळी दिसली की "आली!" असं ओरडायचं. थोरलीनं घड्याळात बघून वेळ वहीत लिहायची. तो आतूनच ओरडेल, महिनाभर ओरडेल, मग एक दिवस काच सरकवायला सांगेल. नाही सांगितलं तरी काही बिघडत नाही.

त्याला आणखी एक गोष्ट सांगा. ती डोक्याजवळून गेली कारण खोली लहान. वळता वळता ती थोडी खाली येते आणि आपल्याला वाटतं अंगावर आली. केसांत अडकते म्हणतात तेही खोटं. मिलिमीटरपेक्षा बारीक तारा अंधारात चुकवत उडणारा प्राणी आहे हा, त्याला अख्खं डोकं चुकवता येणार नाही का?

वहीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या मते मुलांना पाकोळीची ओळख करून द्यायला याहून चांगलं साधन नाही. चित्रं, व्हिडिओ, माहितीचे तक्ते यांचं मला फारसं कौतुक नाही. वहीत तीनच रकाने असू द्या: सूर्यास्ताची वेळ (ती पंचांगात किंवा फोनवर मिळते), पहिली पाकोळी बाहेर पडल्याची वेळ, आणि एकूण किती मोजल्या. सांगलीत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सात वाजून जातात. मुलीनं दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत अधूनमधून जरी नोंदी केल्या, तरी पाकोळ्यांची वेळ सूर्याबरोबर कशी सरकते ते तिला स्वतःच्या अक्षरात दिसेल. तिला हे आधीच सांगून टाकू नका, तिचं तिला सापडू द्या. मोठ्या पावसात त्या उशिरा निघतात की निघतच नाहीत, हेही तिलाच शोधू द्या. पहिला पाऊस पडून गेलेल्या संध्याकाळी मात्र सगळ्यांनी बघायला बसाच. वाळवीला पंख फुटून ते किडे दिव्यांभोवती झुंडीनं येतात आणि पाकोळ्यांची पंगत बसते.

एक गोंधळ होईल. त्याच वेळी आकाशात लहान काळे पक्षीही असतात आणि कित्येक घरांत त्यांनाही पाकोळ्याच म्हणतात. पक्ष्यांचे पंख ताठ, कोयत्याच्या आकाराचे, ते पंख न हलवता तरंगतात आणि कलकलाट करतात. आपली पाकोळी सारखी फडफडते आणि मध्येच गर्रकन वळते. दोन-चार दिवसांत मुलांची नजर बसते, तुमच्याआधी बसेल.

कधी तरी घाटावर जा. आयर्विन पुलाच्या बाजूला संध्याकाळी मोकळं आकाश आणि नदीचं पाणी एकत्र मिळतं. पाण्यावर किडे असतात आणि पाकोळ्या उडता उडताच पाणी पितात, तोंड टेकवून पुढे जातात. मुलं काठाच्या पायरीवर नकोत, वरच्या पायरीवर बसवा. काही जण सांगतात की वर खडा फेकला तर पाकोळी त्याच्याकडे झेपावते. झेपावते खरी, पण सहा वर्षांच्या मुलाला पाकोळीच्या दिशेनं दगड फेकायला शिकवून पुढे काय होणार, ते तुम्हीच ठरवा.

मुलगी एक प्रश्न नक्की विचारेल: अंधारात हिला दिसतं कसं? पाकोळी आंधळी नसते, डोळे असतात आणि दिसतंही. पण शिकार ती कानानं करते. तोंडानं (काही जाती नाकानं) आवाज सोडते, तो किड्यावर आपटून परत येतो, त्यावरून किडा कुठे आहे ते तिला कळतं. माथेरान किंवा महाबळेश्वरच्या एको पॉइंटला मुलं ओरडली असतील तर त्यांना हे अर्धं ठाऊकच आहे. थोरलीला गणित घाला: आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. समोरचा कडा 170 मीटरवर असेल तर हाक किती वेळानं परत येईल? एका सेकंदानं. आणि किडा पावणेदोन मीटरवर असेल तर? सेकंदाच्या शंभराव्या भागात. तेवढ्या वेळात पाकोळी ऐकते, ठरवते आणि वळते. हे आवाज इतक्या उंच पट्टीचे असतात की आपल्याला ऐकू येत नाहीत. आपली हद्द फार तर 20 किलोहर्ट्झ, छोट्या पाकोळ्यांची हाक त्याच्या दुपटीच्या वर. फटीत त्यांची आपापसात चाललेली चिकचिक मात्र ऐकू येते, आणि लहान मुलांचे कान मोठ्यांपेक्षा तिखट असतात, त्यामुळे "आई, मला ऐकू येतंय, तुला कसं नाही?" असं झालं तर तिच्यावर विश्वास ठेवा.

आंधळी कोशिंबीर खेळा. ज्याच्या डोळ्यांवर पट्टी तो पाकोळी, बाकीचे किडे. पाकोळीनं टाळी वाजवली की प्रत्येक किड्यानं लगेच एक टाळी परत द्यायचीच. खेळता खेळता मुलांच्या लक्षात येईल की किडा जवळ आला की भराभर टाळ्या वाजवाव्या लागतात, नाहीतर तो निसटतो. खऱ्या पाकोळीचं अगदी तसंच चालतं. शोधताना सेकंदाला दहाएक हाका, आणि पकडायच्या शेवटच्या क्षणी दीडशे-दोनशे. पुढच्या डावात एकाला पतंग करा. काही पतंगांना पाकोळीची हाक ऐकू येते आणि ते झटकन खाली पडतात. त्यानं टाळी ऐकली की खाली बसायचं. खेळ जरा रंगतो.

गोष्टच हवी असेल तर एक खरी गोष्ट आहे. 1793 मध्ये इटलीत लाझारो स्पालान्झानी नावाच्या शास्त्रज्ञानं पाहिलं की मेणबत्ती विझली की त्याचं पाळलेलं घुबड भिंतींना धडकतं, वटवाघळं मात्र निर्धास्त उडतात. पुढे जिनिव्हाच्या लुई ज्यूरिननं वटवाघळांचे कान बंद करून पाहिले, तर ती धडपडली. म्हणजे ती कानानं "बघतात"! लोक हसले. कारण हाक कुणाला ऐकूच येत नव्हती. ती ऐकू येईल असं यंत्र तयार होऊन हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिन या तरुण विद्यार्थ्यानं वटवाघळं त्याच्यासमोर धरली, तेव्हा 1938 साल उजाडलं होतं. (स्पालान्झानीनं त्यासाठी वटवाघळांचे डोळे घालवले होते. हा भाग मुलांना सांगायचा की नाही, ते तुमच्यावर. थोरलीला मी सांगितला असता.)

सासूबाईंशी शकुन-अपशकुनावर वाद घालू नका. त्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी घर कौलारू होतं का, माळ्यावर किंवा गोठ्यात पाकोळ्या असायच्या का, देवळाच्या सभामंडपातला तो उग्र वास आठवतो का. त्या पिढीतल्या बहुतेक माणसांचं बालपण पाकोळ्यांच्या शेजारातच गेलेलं असतं. नातवंडांसमोर बोलायला बसल्या की त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त माहिती निघेल.

राहिला पेस्ट कंट्रोलचा प्रश्न. यजमानांना सांगा, औषध फवारणं तर नकोच, पण फट नुसती बुजवणंही नको. इंग्रजी माहितीत वाचाल तर अमुक महिन्यात फट बंद करा म्हणजे पिल्लं नसतात, असं दिसेल. तो हिशेब थंड देशांचा. आपल्याकडच्या छोट्या पिपिस्ट्रेल वर्षभर विणीत असतात, त्यामुळे पिल्लं कधीही असू शकतात, आणि ती आत अडकून मेली की वास तुमच्याच हॉलमध्ये येईल. एसीच्या दुरुस्तीसाठी जागा मोकळी करणं खरंच भाग असेल, तर संध्याकाळी सगळ्या बाहेर पडताना नीट बघा, आत पिल्लं राहिली नाहीत याची खात्री करा. मग फटीवर जाळीचा पडदा असा सोडा की आतून बाहेर येता येईल पण बाहेरून आत जाता येणार नाही. काही रात्रींनी फट बंद करा. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर दूध पाजू नका. हातमोज्यांनी फडक्यात घेऊन फटीच्या जवळ, उंच जागी ठेवा. आई अनेकदा येऊन नेते. नाहीतर वनविभागाला कळवा.

यजमानांना पटवताना "एक पाकोळी रात्री हजारो डास खाते" हे वाक्य टाळा. डास खातात, पण त्यांच्या ताटात बारीक पतंग, भुंगेरे, वाळवी, तुडतुडे असं काय काय असतं, आणि त्या आहेत म्हणून गुडनाइट बंद करता येईल असं नाही. उद्या डास चावला की मुलं म्हणतील, आई खोटं बोलली.

मुलीची भूक याहून मोठी असेल तर तिला सांगा की भारतात वटवाघळांच्या सव्वाशेच्या वर जाती आहेत, आणि त्यातली एक फार दुर्मीळ जात तुमच्यापासून फारशी लांब नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या बारापेडे गुहेत सापडलेल्या या वटवाघळाचं वर्णन 1913 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि पुढे कित्येक दशकं जगात दुसरीकडे कुठेच ते माहीत नव्हतं. सायबेरियात सात ग्रॅमचं एक वटवाघूळ खूण केल्यानंतर 41 वर्षांनी जिवंत सापडलं होतं, हेही तिच्या वहीत जाऊ द्या. गुहेत मात्र मुलांना नेऊ नका, बारापेडेच्या नाही आणि कुठल्याच नाही. आतली विष्ठेची कोरडी धूळ फुप्फुसांना वाईट, आणि तिथल्या प्राण्यांनाही आपण नकोच असतो.

शाळेत काही न्यायचंच आहे ना तिला? वही ने म्हणावं. आणि सोसायटीच्या बाहेरच्या भिंतींना रंग देण्याचं काम कधी निघणार आहे ते चेअरमनना आत्ताच विचारून ठेवा. रंगारी झुल्यावरून उतरता उतरता सगळ्या फटी पुट्टीनं भरत जातात आणि ते कुणी कुणाला सांगत नाही.